इंग्लंडमध्ये शिक्षक म्हणून पहिली उन्हाळी सुट्टी: विश्रांती, प्रवास आणि आधी करायची कामं

भारतात ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता असलेल्यांना फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडच्या क्यूटीएससाठी, म्हणजे इथल्या शिक्षक-दर्जासाठी, थेट अर्ज करता येतो. त्या वाटेने आलेले बरेच मराठी शिक्षक आता इथल्या शाळांमध्ये आहेत. नोकरी कशी शोधावी, व्हिसा कसा काढावा, भाड्याचं घर कसं मिळवावं हे सांगणारे भरपूर भेटतात. सुट्टीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मग जुलैच्या शेवटी शाळा बंद होते तेव्हा शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसाची, अपॉइंटमेंट मिळत नाही, मुंबईचं तिकीट आवाक्याबाहेर गेलेलं असतं आणि अंगात इतका थकवा असतो की सहापैकी दोन आठवडे कुठे गेले ते कळतही नाही.

मी इथे एका माध्यमिक शाळेत शिकवते. दरवर्षी स्टाफरूममध्ये नव्याने आलेल्या मंडळींना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: सुट्टी जुलैत लागते, पण तिची कामं फेब्रुवारीत सुरू होतात. आणि प्रवासाइतकीच विश्रांतीही आखावी लागते, नाहीतर ती होत नाही.

१. शाळेचं कॅलेंडर हातात घ्या

इथल्या वर्षात तीन टर्म असतात. प्रत्येक टर्मच्या मध्यावर एक आठवड्याची हाफ-टर्म, नाताळला आणि ईस्टरला साधारण दोन-दोन आठवडे, आणि उन्हाळ्यात सहा आठवडे. सगळं मिळून वर्षाला तेरा आठवडे सुट्टी. सर्वसाधारण सरकारी शाळेत मुलं १९० दिवस येतात आणि शिक्षक १९५ दिवस. वरचे पाच दिवस इनसेट डे, म्हणजे मुलांविना प्रशिक्षणाचे आणि तयारीचे.

सगळ्या देशाची सुट्टी एकाच दिवशी सुरू होते असं समजू नका. तारखा कौन्सिलप्रमाणे, म्हणजे स्थानिक प्रशासनाप्रमाणे, बदलतात आणि अकॅडमी शाळा, म्हणजे कौन्सिलच्या अखत्यारीबाहेरच्या सरकारी खर्चाच्या शाळा, आपल्या तारखा स्वतः ठरवतात. लेस्टरशरमधल्या शाळा अनेकदा इतरांपेक्षा आधी बंद होतात. स्कॉटलंडमध्ये तर जूनअखेर सुट्टी लागते आणि ऑगस्टच्या मध्यावर शाळा पुन्हा भरते. म्हणून मैत्रिणीच्या शाळेच्या तारखा पाहून तिकीट काढू नका. तुमच्या शाळेच्या वेबसाइटवरचं कॅलेंडर उतरवून घ्या आणि त्यात तीन गोष्टींवर खूण करा: शेवटच्या दिवशी शाळा किती वाजता सुटते, सप्टेंबरचे इनसेट डे कोणते, आणि ऑगस्टमधले निकालाचे दोन गुरुवार. पहिल्या गुरुवारी ए-लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, निकाल लागतो, पुढच्या गुरुवारी जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीचा. दहावीसारखे मोठे वर्ग तुमच्याकडे असतील तर निकालाच्या दिवशी तुम्ही यावं अशी अपेक्षा आहे का, हे विभागप्रमुखांना मे महिन्यातच विचारून ठेवा.

टर्म चालू असताना रजा जवळपास मिळत नाही. सख्ख्या भावाचं लग्न असलं तरी मुख्याध्यापकांच्या परवानगीवर अवलंबून, आणि मिळालीच तर बहुधा बिनपगारी. घरच्यांना हे आधीच समजावून सांगा. मुहूर्त ठरवताना त्यांना तुमच्या सुट्टीच्या तारखा माहीत असल्या तर पुढचा मनस्ताप वाचतो.

२. पहिला आठवडा रिकामा ठेवा

या पायरीवर नवे शिक्षक हसतात. शाळा शुक्रवारी सुटणार असेल तर शनिवारी पहाटेचं विमान पकडायचं असं त्यांनी ठरवलेलं असतं. तसं करू नका.

जुलैचे शेवटचे आठवडे दमवणारे असतात. रिपोर्ट लिहायचे, सहली न्यायच्या, स्पोर्ट्स डे, पुढच्या वर्षीची टाइमटेबलं, वर्गातली कपाटं आवरायची. शाळा चालू असेपर्यंत शरीर तग धरतं आणि सुट्टीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्दी, ताप, डोकेदुखी बाहेर पडते. आमच्या स्टाफरूममध्ये दर सप्टेंबरला कुणीतरी सांगतंच की पहिला आठवडा अंथरुणात गेला. तो तसाही जाणारच असेल तर हॉटेलच्या खोलीत किंवा पाहुण्यांच्या घरी जाण्यापेक्षा आपल्या घरी गेलेला बरा.

या आठवड्यासाठी मी काही गोष्टी ठामपणे सुचवते. शाळेचा ईमेल फोनवरून काढून टाका. नुसतं नोटिफिकेशन बंद करून भागत नाही, हात आपोआप तिकडे जातो. शाळेचा लॅपटॉप कपाटात ठेवा. सप्टेंबरच्या धड्यांची तयारी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातल्या ठरावीक तीन दिवसांवर टाका आणि ते दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. तयारीला तिची जागा मिळाली की मन रोज तिच्याकडे धावत नाही.

झोप भरून काढायची असेल तर खिडक्यांना ब्लॅकआउट पडदे लावा. जुलैअखेर लंडनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि पहाटे पाचच्या सुमाराला पुन्हा उजाडतं. उत्तरेकडे दिवस याहूनही मोठा. त्या लांब संध्याकाळी ही इथली खरी दौलत आहे. जेवण लवकर आटपा आणि बाहेर पडा. इंग्लंडमध्ये शेतांतून, कुरणांतून, कालव्यांच्या काठाने जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा सगळीकडे आहेत. त्यांवरून चालण्याचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे आणि ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेच्या नकाशात त्या ठळक दाखवलेल्या असतात. घरापासून तास-दीड तासाची एखादी वाट शोधा आणि रोज तीच चाला. वर्षभर आपण जिथे राहतो तो गाव आपण बसच्या खिडकीतूनच पाहिलेला असतो, हे तेव्हा लक्षात येतं.

दाताचा डॉक्टर, डोळे तपासणं, जीपीकडची, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडची, राहिलेली अपॉइंटमेंट हेही याच आठवड्यात उरका. टर्ममध्ये यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी तासिका बदलून मागाव्या लागतात.

एकट्या राहणाऱ्यांसाठी एक शब्द. शाळा बंद झाली की रोजचं बोलणं एकदम थांबतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घर अंगावर येतं. त्यासाठी आठवड्यातली एक भेट आधीच ठरवून ठेवा: जवळच्या मराठी कुटुंबाकडे जेवण, लायब्ररीतला एखादा गट, पोहण्याचा तलाव, काहीही. विश्रांती म्हणजे एकांतवास नव्हे.

३. एका उन्हाळ्यात एकच मोठा बेत

पहिला आठवडा विश्रांतीचा आणि शेवटचा तयारीचा. मध्ये उरतात चार. त्यात भारतही, युरोपही आणि स्कॉटलंडही कोंबण्याचा मोह होतो. माझं स्पष्ट मत आहे की एका उन्हाळ्यात एकच मोठा प्रवास करावा आणि बाकी सुट्टी इथेच, छोट्या फेरफटक्यांत घालवावी. हाफ-टर्म आणि ईस्टर पुढे असतातच.

४. भारतात जाणार असाल तर

तिकीट जानेवारी-फेब्रुवारीत पाहायला लागा. ब्रिटनमधल्या बहुतेक भारतीय कुटुंबांची मुलं साधारण एकाच सुमाराला सुटतात, त्यामुळे जुलैच्या शेवटच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातले दर सगळ्यात चढे असतात. पहिला आठवडा विश्रांतीला दिलात तर त्या गर्दीतून तुम्ही थोडे बाहेर पडता, हा आणखी एक फायदा. परतीचं विमान इनसेट डेच्या किमान तीन दिवस आधीचं घ्या.

सणांचा हिशोब नीट करा, कारण इथेच जीव सगळ्यात जास्त अडकतो. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, तेव्हा निदान प्रतिष्ठापनेला घरी राहता येत होतं. २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला येते आणि २०२७ मध्ये ४ सप्टेंबरला, म्हणजे दोन्ही वर्षी इथली शाळा सुरू झालेली. गणपतीसाठी सुट्टी वाढवून मिळेल या आशेवर राहू नका. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवे वर्ग हातात येतात, तेव्हा शिक्षक गैरहजर असणं शाळेला चालत नाही. त्याऐवजी ब्रिटनमधल्या गणेशोत्सवाची माहिती काढा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे, आणि इतर शहरांतली मंडळंही बरेच कार्यक्रम शनिवार-रविवारी ठेवतात. दिवाळीचं गणित थोडं सोपं आहे: २०२७ मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बहुतेक शाळांना हाफ-टर्म असते. हापूस खायचा असेल तर ईस्टरची सुट्टी. ती एप्रिलमध्ये लांबली तर हंगामाची सुरुवात साधते.

जुलै-ऑगस्टमध्ये मिळतो तो भर पावसाळा. कोकणात जाणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं, गाड्या कमी वेगाने धावतात आणि दरडींमुळे घाटरस्ते अचानक बंद होतात. मुंबईचं विमान असलेल्या दिवशीच रत्नागिरीहून निघण्याचा बेत ठेवू नका, एक रात्र मुंबईत किंवा पुण्यात काढा. कासच्या पठारावरच्या फुलांचा बहर मुख्यतः सप्टेंबरमधला, तो शाळेच्या शिक्षकाला या नोकरीत सहसा लाभत नाही. श्रावणातला सह्याद्री मात्र पुरेपूर मिळतो.

भारतातली कामं, म्हणजे बँकेचं केवायसी, पॅन, घराचे कागद, यांना पहिले चार-पाच दिवस द्या आणि मग ती फाइल बंद करा. नाहीतर अख्खी सुट्टी बँकेच्या रांगेत जाते आणि आई-वडिलांशी निवांत बोलणं राहून जातं. पाहुण्यांकडच्या जेवणांचंही तेच. आठवड्यातून दोन घरं, याहून जास्त कबूल करू नका.

आई-बाबांना इकडे बोलावणं हाही चांगला पर्याय आहे. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर त्यांना सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येतं आणि अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंत करता येतो. ते जूनमध्ये आले तर एक महिना तुम्ही शाळेत असाल. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बोलावलं तर सगळा वेळ एकत्र मिळतो.

५. युरोपात जाणार असाल तर

ब्रिटनचा व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टवर शेंगेन देशांसाठी वेगळा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करायचा. निर्णयाची नेहमीची मुदत पंधरा दिवसांची, पण ती ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. प्रौढांसाठी फी ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, दिवस सारखे असतील तर जिथे प्रथम उतरणार त्या देशाकडे. खरी अडचण अपॉइंटमेंटची असते. ऑगस्टच्या प्रवासासाठी मार्च-एप्रिलमध्ये तारीख पकडा. ईस्टरच्या सुट्टीत केंद्रावर जाण्याची तारीख मिळाली तर उत्तम, कारण बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं आणि त्यासाठी टर्ममध्ये रजा मिळणं कठीण.

लागणारी कागदपत्रं:

- भरलेला अर्ज आणि फोटो
- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं असलेला
- ब्रिटनमधल्या वास्तव्याचा पुरावा: ई-व्हिसाची, म्हणजे ऑनलाइन व्हिसाची, छापील प्रत आणि नवा शेअर कोड, म्हणजे तो व्हिसा दुसऱ्याला तपासता यावा म्हणून मिळणारा कोड. तुमची परवानगी परतीनंतर तीन महिने शिल्लक हवी
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा
- जाण्या-येण्याचं आणि राहण्याचं बुकिंग. रद्द करता येईल असंच घ्या
- तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स आणि पेस्लिप
- शाळेचं पत्र

या शेवटच्या कागदावर शिक्षकांचं घोडं अडतं. पत्रात तुमचं पद, नोकरी कधीपासून, प्रवासाचे दिवस शाळेच्या सुट्टीतले आहेत, आणि सप्टेंबरच्या कोणत्या तारखेला तुम्ही कामावर परत येणार, एवढं हवं. ऑगस्टमध्ये शाळेच्या ऑफिसात पत्र द्यायला कुणी नसतं. ते टर्म चालू असताना, सहीनिशी आणि लेटरहेडवर घ्या.

भारतीयांना आता दोन आणि पाच वर्षांचा शेंगेन व्हिसा सहज मिळतो अशी बातमी २०२४ मध्ये आली होती. ती सवलत भारतात राहून भारतातूनच अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. ब्रिटनमधून अर्ज करणाऱ्यांना सर्वसाधारण नियम लागू होतात, तेव्हा पहिला व्हिसा फक्त एका सहलीपुरता मिळाला तर नाराज होऊ नका.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर ईईएस ही नवी डिजिटल नोंदणी सुरू झाली आहे. युरोस्टारने किंवा डोव्हरहून बोटीने जाणाऱ्यांची ही तपासणी ब्रिटनच्याच बाजूला होते, त्यामुळे स्टेशनवर किंवा बंदरावर नेहमीपेक्षा बराच आधी पोहोचा.

आयर्लंडबद्दल वेगळी सूचना. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग आहे, बेलफास्टला जायला तुम्हाला काही लागत नाही. तिथून डब्लिनला जाणाऱ्या रस्त्यावर सीमेचं फाटकही दिसत नाही. तरीही भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा व्हिसा लागतोच. फाटक नाही म्हणून पलीकडे जाऊ नका. पकडलं गेल्यास पुढचे सगळे व्हिसा अडचणीत येतात.

६. ब्रिटनमध्येच फिरणार असाल तर

पहिल्या वर्षी मी हाच पर्याय सुचवते. व्हिसा नाही, विमान नाही, आणि आपण ज्या मुलांना शिकवतो त्यांचा देश कळतो.

रेल्वेची ॲडव्हान्स तिकिटं साधारण बारा आठवडे आधी खुली होतात आणि तेव्हाच स्वस्त असतात. सोबत रेलकार्ड घ्या. वर्षाला ३५ पौंड, आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट. नवरा-बायको किंवा दोन मैत्रिणी असतील तर टू टुगेदर, लहान मुलं असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स, वय तिशीपर्यंत असेल तर २६-३०. टू टुगेदर सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. इंग्लंडमधल्या बहुतेक लोकल बसचं एकेरी तिकीट सध्या ३ पौंडांच्या वर जात नाही. लेक डिस्ट्रिक्ट पाहायला गाडी लागते असं सांगतात, पण ५५५ नंबरची बस केंडल, विंडरमियर, ग्रासमियर, केसिक अशी जाते. तिच्या वरच्या मजल्यावरून जे दिसतं ते गाडी चालवणाऱ्याला दिसत नाही.

राहण्यासाठी एक फारसा माहीत नसलेला मार्ग: उन्हाळ्यात विद्यापीठांची वसतिगृहं रिकामी असतात आणि लंडन, ऑक्सफर्ड, केंब्रिज, एडिनबरा अशा ठिकाणी त्यातल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने मिळतात. साध्या, स्वच्छ आणि गावाच्या मध्यात.

कधी आणि कुठे जायचं हे मुलांच्या सुट्टीप्रमाणे ठरवा. ऑगस्टच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमधल्या शाळा भरलेल्या असतात, तेव्हा हायलँड्समध्ये तिथल्या कुटुंबांची गर्दी ओसरते. एडिनबरा मात्र महिनाभर फेस्टिव्हलमुळे भरलेलं आणि महाग असतं. पश्चिम हायलँड्समध्ये या दिवसांत मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचे थवे असतात. डोक्यावरून घ्यायची जाळी पाच-सहा पौंडांना मिळते, ती घेतल्याशिवाय तळ्याकाठी जाऊ नका.

डोंगर चढणाऱ्यांना आणखी एक सावधगिरीची सूचना. ब्रिटनचं सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटर, वेल्समधलं अर विद्वा म्हणजे स्नोडन १,०८५ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर, त्यामुळे आपल्याकडचे ट्रेकर हे आकडे पाहून निर्धास्त होतात. पण बेन नेव्हिसची वाट जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि ऑगस्टमध्येही वर धुकं, थंडी आणि जोराचा वारा असू शकतो. पावसाचं जॅकेट, गरम थर, कागदी नकाशा आणि डोक्याला लावायचा दिवा न्या. मेट ऑफिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज असतो, तो सकाळी वाचूनच निघा.

डोंगर नको असतील तर सेटल ते कार्लाइल हा रेल्वेमार्ग घ्या. यॉर्कशरच्या माळरानातून आणि रिबलहेडच्या २४ कमानींच्या पुलावरून तो जातो. लंडनमध्ये मोठी राष्ट्रीय संग्रहालयं विनामूल्य आहेत, पण सुट्टीत ती लहान मुलांनी भरलेली असतात, म्हणून दुपारी तीननंतर जा. आणि चॉक फार्म स्टेशनजवळ किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर जरूर पाहा. १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केलं आहे.

७. व्हिसाचे दोन सापळे

पहिला: उन्हाळ्यात शाळा बदलणारे शिक्षक बरेच असतात. ३१ ऑगस्टला सोडायचं तर राजीनामा ३१ मेपर्यंत द्यावा लागतो. स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे शाळेने स्पॉन्सर केलेल्या नोकरीच्या व्हिसावर, असाल तर नव्या शाळेसाठी व्हिसाचा नवा अर्ज करावा लागतो. हा अर्ज ब्रिटनमधून केल्यावर निर्णय येईपर्यंत ब्रिटन, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनल बेटांच्या बाहेर गेलात तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. निर्णयाला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात, म्हणजे सगळी सुट्टी. नोकरी बदलणार असाल तर नव्या शाळेच्या एचआरकडून स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट जूनमध्येच मागा, आणि निर्णय हातात येईपर्यंत परदेशाचं तिकीट काढू नका.

दुसरा: आता निवासाचं प्लास्टिक कार्ड नाही, सगळं ई-व्हिसावर आहे. पासपोर्ट नवीन केला असेल तर त्याचा नंबर यूकेव्हीआय खात्यात, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या तुमच्या ऑनलाइन खात्यात, नोंदवा. तो जुळला नाही तर मुंबईत चेक-इनच्या खिडकीवर अडवलं जाऊ शकतं. निघण्याच्या आठवडाभर आधी खात्यात लॉगिन करून पाहा आणि खात्याला जोडलेला फोन नंबर भारतात चालू राहील अशी सोय करा, कारण लॉगिनचा कोड त्यावरही येतो.

शिवाय देशाबाहेर गेल्याच्या आणि परतल्याच्या तारखा एका वहीत लिहीत चला. कायमच्या वास्तव्याचा अर्ज करताना कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर नव्हतो हे दाखवावं लागतं.

८. पैसे

कायम नोकरीत पगार बारा महिन्यांत विभागून येतो, ऑगस्टमध्येही येतो. एजन्सीमार्फत सप्लाय शिक्षक, म्हणजे बदली शिक्षक, म्हणून काम करत असाल तर मात्र शाळा बंद म्हणजे रोजंदारी बंद. सुट्टीचे पैसे दर आठवड्याच्या पगारातच धरले आहेत की वेगळे साठत आहेत, हे एजन्सीला आत्ताच विचारा आणि ईस्टरपासून बाजूला टाकायला लागा.

९. शेवटचा आठवडा

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे असतो आणि त्या तीन दिवसांत रस्ते आणि रेल्वे दोन्हीकडे गर्दी आणि रुळांची कामं असतात. त्याच्या आधी घरी पोहोचा. भारतातून येत असाल तर झोपेचं चक्र साडेचार तासांनी बदलायला तीन-चार दिवस द्या. पहाटे जाग येते त्याच वेळी उठा, सकाळच्या उजेडात चालून या. तयारीचे तीन दिवस ठरवले होते तेवढेच वापरा: पहिल्या दिवशी नव्या वर्गांच्या याद्या आणि टाइमटेबल, दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन आठवड्यांचे धडे, तिसऱ्या दिवशी वर्गखोली. आणि नाताळात घरी जायचं असेल तर तिकिटांचे दर याच आठवड्यात पाहून ठेवा. सप्टेंबर सुरू झाला की हाफ-टर्मपर्यंत त्याला वेळ मिळत नाही, आणि तोवर चांगले दर गेलेले असतात.